पांढरा चट्टा आणि विडी



काढे झाले, गोळ्या झाल्या, तरी बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर विडी ओढणाऱ्याने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे. डॉक्टर दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहतात. तेथे पांढरा चट्टा दिसला तर लहानसा तुकडा काढून तपासतात.

'पेशींत बदल आहे, पण कर्करोग नाही', असा अहवाल आला की एक म्हणतो, 'आता संपले.' दुसरा म्हणतो, 'कर्करोग नाही ना, मग ओढायला हरकत नाही.' दोघेही चुकतात. असे सर्वच चट्टे कर्करोगाकडे जात नाहीत. पण काही जातात, आणि धूर चालू राहिला तर धोका वाढतो. कारण आपल्या हाती असताना परिणामाला नशीब म्हणणे आपल्याला शोभत नाही.

'सिगारेटपेक्षा विडी बरी', हाही भ्रम होय. टेंभुर्णीच्या पानाची विडी वारंवार विझते, म्हणून ती जोराने व पुन्हापुन्हा ओढावी लागते.

कोणी विचारतील, 'पाचव्या शीलात विडीचे नाव कोठे आहे?' नसणारच. तंबाखू आपल्या देशात पोर्तुगीजांबरोबर आला. बुद्धकाळी तो येथे नव्हता. परंतु त्या शीलाचा रोख प्रमादावर आहे. डॉक्टरांनी धोका दाखवल्यावरही काडी ओढणे, याहून मोठा प्रमाद कोणता?

मग सोडावी कशी? दिवस ठरवा व घरात सांगा. पहिला आठवडा कठीण जातो. चिडचिड होते, झोप मोडते. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. तलफ काही मिनिटांचीच असते; तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, दोन पावले चाला. विडी सोडून मशेरी किंवा तंबाखू धरणे म्हणजे सोडणे नव्हे. जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो; डॉक्टरही औषध देतात. पुन्हा एखादी ओढली गेली तर हार मानू नका, दुसऱ्या दिवसापासून परत सुरुवात करा.

सोडल्यावर धोका एका दिवसात जात नाही; वर्षांमागून वर्षे तो कमी होत जातो. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीला जात राहा.

घरच्यांनो, सोडणाऱ्याला टोमणे मारू नका. आणि मुलाला विडीबंडल आणायला दुकानात पाठवू नका. २००३च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की, मुलाच्या हाती आज जे द्याल, तेच तो उद्या तोंडात धरील.