‘हे कधीपासून आहे?’

‘पायाला नुसती भिंगरी लावलीय’ हे आपण कौतुकानं म्हणतो तोवर ठीक असतं. वहीवर बाईंचा शेरा आला, की तेच काळजीचं होतं. मग डॉक्टर विचारतात, ‘हे कधीपासून आहे?’ आणि आईबाबा एकमेकांकडे बघतात.

एडीएचडीच्या, म्हणजे बेध्यानपणा आणि अतिचंचलतेच्या विकाराच्या, निदानात या प्रश्नाला फार वजन आहे. २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार बेध्यानपणाच्या ९ लक्षणांपैकी किंवा चंचलता-उतावीळपणाच्या ९ लक्षणांपैकी निदान ६ लक्षणं, वयाला न शोभण्याइतकी, सलग ६ महिने तरी दिसायला हवीत. तीही घर, शाळा, शिकवणी अशा किमान दोन ठिकाणी. शिवाय त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली हवीत. आधीच्या आवृत्तीत हे वय ७ होतं.

६ महिन्यांचा एवढा काळ कशाला? घर बदललं, धाकटं भावंड आलं, आजी गेली, की कुठलंही मूल काही काळ सैरभैर होतं आणि बहुतेक वेळा सावरतंही. त्याला घाईनं नाव चिकटवू नये, म्हणून हा काळ.

पण यातून एक गैरसमज होतो, आणि तो मला जास्त छळतो. ‘अजून ६ महिने बघू, मग जाऊ.’ अहो, हे महिने मागे मोजायचे असतात! कपाटातली पहिली-दुसरीची प्रगतिपुस्तकं काढा. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘काम अर्धवट सोडतो’ असे शेरे दरवर्षी, वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात सापडले, तर डॉक्टरांना हवं ते हाती आलंच. जूनमध्ये वर्ग हाती घेतलेल्या बाई जुलैत फार काही सांगू शकणार नाहीत, तेव्हा गेल्या वर्षीच्या बाईंनाही भेटा.

उलट, चौथीपर्यंत नीट असलेलं मूल गणपतीनंतर एकाएकी हरवल्यासारखं वागू लागलं, तर मुळीच थांबू नका. कान, डोळे, झोप तपासा. वर्गात कुणी त्रास देतंय का, हळूच विचारा. बोलता बोलता काही सेकंद टक लावून थिजत असेल, तर तो फिट्सचाही प्रकार असू शकतो.

मोबाइलवर तासभर खिळून बसतो, म्हणून ‘याला काही नाही’ असं मात्र ठरवू नका. आवडीच्या खेळात एडीएचडी असलेली मुलंही रमतात.

तपासणी चालू असताना पुढच्या बाकावर जागा मागा, घरी एका वेळी एकच काम सांगा. एवढं उद्यापासूनही करता येईल.