देवमासा बघायला निघालात?

तुम्ही दोघं कॅलिफोर्नियात नवीन, आणि पॉइंट रेयिसला देवमासे बघायला जाताय, म्हणून सांगते. आर्क्टिकहून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ पाण्यात बाळंतपणाला उतरणारे ग्रे व्हेल तिथून जानेवारीच्या मध्याला सर्वांत जास्त दिसतात, परतीचे मार्चच्या मध्याला. पण मला विचाराल तर एप्रिल संपता संपता जा. तेव्हा माद्या पिल्लांना घेऊन किनाऱ्याच्या अगदी कडेकडेने उत्तरेला जात असतात.

सकाळीच पोचा, समुद्र पश्चिमेला, दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं. वारा पडलेला आणि आभाळ भरून आलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. वारा सुटला की लाटांच्या फेसात फवारा ओळखू येत नाही. धुकं असेल तर निघूच नका. कानटोपी मात्र हवीच. तिथल्या दीपगृहाकडे ३१३ पायऱ्या उतरायच्या आहेत, आणि त्या परत चढायच्याही आहेत.

पोचल्या पोचल्या दुर्बीण डोळ्यांना लावू नका. आधी साध्या डोळ्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी सावकाश न्याहाळा. पहिल्यांदा दिसतो तो त्याचा श्वास: तीन-चार मीटर उंच धुरकट पुंजका उठतो आणि लगेच विरतो. तिथे दुर्बीण लावा. सात-आठ पटींची पुरते, दहा पटींची वाऱ्यात थरथरते. मग राखाडी पाठ दिसेल, तिच्यावर चिकटलेल्या बार्नॅकल नावाच्या कवचधारी जीवांचे पांढरे चट्टे, आणि वरच्या पराऐवजी शेपटीकडे जाणारी उंचवट्यांची ओळ.

तीन ते पाच श्वास झाले की बहुधा शेपूट वर येते आणि तो खोल बुडी मारतो. पाण्यावर तेल ओतल्यासारखा गुळगुळीत डाग तेवढा उरतो. बरीच माणसं इथेच कंटाळून पाठ फिरवतात. तुम्ही थांबा. तो तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा वर येतो, पण चालता असतो, म्हणून त्याच जागी बघत बसू नका. चार-पाचशे मीटर पुढे नजर ठेवा. जानेवारीत डावीकडे, वसंतात उजवीकडे.

२०१६ च्या सुमारास हे देवमासे २७,००० च्या आसपास होते. २०२५ च्या मोजणीत जेमतेम १३,००० भरले. म्हणून एक ऐका, ड्रोन घरीच ठेवा, आणि कधी बोटीने गेलात तर नावाड्याला सांगा, शंभर मीटरच्या आत नेऊ नकोस. पिल्लू सोबत असेल तर त्याहूनही लांब राहा.