जुन्या इंजिन तेलाचा नमुना

गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेले इंजिन तेल वापरण्याजोगे आहे काय, हे प्रयोगशाळा सांगते. परंतु नमुनाच सदोष असेल, तर अहवालावर विसंबून भरलेले तेल ट्रॅक्टरचे बेअरिंग निकामी करू शकते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या २१० लिटरच्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा तापलेले पिंप रात्री निवले की आतील हवा आकुंचन पावते व सैल बुचातून ते पाणी आत ओढले जाते. तेलाहून जड असल्याने ते तळाशी बसते. वरवरचे तेल म्हणूनच फसवे. प्रथम माथा पुसून घ्यावा. काचेच्या कोरड्या नळीचे वरचे तोंड अंगठ्याने दाबून ती तळापर्यंत सोडावी, अंगठा क्षणभर उचलावा, पुन्हा दाबून नळी बाहेर काढावी. बाटलीही कोरडीच हवी. घाईने विसळलेली बाटली स्वतःचेच पाणी अहवालात उतरविते.