कोरड तोंडाला, मग तपासणी ओठाची का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ५४. तोंडाला सतत कोरड असते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी डॉक्टरांनी खालच्या ओठाची बायोप्सी सांगितली आहे. घरात सगळे धास्तावले आहेत. ती खरंच करावी लागेल का?

उत्तर : बायोप्सी म्हटलं की घरोघरी कॅन्सरच आठवतो. इथे शोध कॅन्सरचा नाही, शोग्रेन नावाच्या आजाराचा आहे. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. रुग्णांत बायकाच फार जास्त.

रक्त निगेटिव्ह आलं म्हणूनच ओठाकडे वळावं लागतं. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत हा आजार धरायला किमान ४ गुण लागतात. रक्तातल्या एसएसए अँटिबॉडीला ३ गुण, ओठाच्या बायोप्सीला ३. डोळ्यांच्या दोन तपासण्या आणि लाळेचं मोजमाप यांना प्रत्येकी १. म्हणजे अँटिबॉडी नसेल, तर बाकी तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह येऊनही बेरीज ३ वरच थांबते. हे निकष मुळात संशोधनासाठी केलेले, पण तुमच्या आईच्या बाबतीत बायोप्सीला एवढं वजन का, ते त्यांतून कळतं. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असती आणि डोळे-तोंडाच्या तपासण्यांतही कोरडेपणा दिसला असता, तर मी बायोप्सीचा आग्रह धरला नसता.

आता ओठच का? कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते, तिथे सुरी लावणं जोखमीचं. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला मात्र बारीक ग्रंथी अगदी वरवर असतात, साबुदाण्याच्या दाण्यांसारख्या. ती जागा बधिर करून छोटी चीर देतात, चार-सहा ग्रंथी काढतात, एक-दोन टाके घालतात. त्याच दिवशी घरी. काही दिवस ओठ सुजतो. ओठाचा थोडा भाग बधिर राहू शकतो. तो बहुधा पूर्ववत होतो, क्वचित कायमचाही राहतो. हे आईला आधीच सांगून ठेवा.

पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे पुंजके मोजतात. ५० किंवा जास्त पेशींचा एक पुंजका, आणि ४ चौरस मिलिमीटरमध्ये असे किती, तो फोकस स्कोअर. १ किंवा जास्त आला तर पॉझिटिव्ह. रिपोर्टात नुसतं ‘सूज आहे’ लिहिलं असेल तर स्कोअर लिहून मागा. वयानेही या ग्रंथींत थोडी सूज येते, म्हणून आकडा हवाच.

रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका. सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही तोंड कोरडं पडतं, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि निकाल येईपर्यंत दातांकडे दुर्लक्ष नको: लाळ कमी झाली की कीड झपाट्याने लागते, म्हणून दंतवैद्याची वेळ आत्ताच घ्या.