बटण कोणाच्या हाती

चि. भाच्यास,


लॅपटॉप विंगेत, ॲम्प्लिफायरच्या शेजारी. ऑपरेटर त्याच्यापाशी वाकून बसलेला. आणि तिथून रंगमंचाचा डावा कोपरा दिसतच नाही. मंचरच्या तुमच्या नाट्यमंडळाची ही अडचण शाळा-कॉलेजांच्या बहुतेक रंगमंचांवर भेटते. नटीने दार लोटले की कडी वाजायला हवी. ती अंदाजाने वाजते. म्हणून संगणकावरचे क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी वाजायचे ध्वनी, दुरून वाजवण्यासाठी कोणता रिमोट घ्यावा, असे तू विचारलेस. दुकानातली यादी लांब आहे. मावशीचे मत विचारशील तर त्याआधी एक गोष्ट ठरव: बटण दाबणाऱ्याला रंगमंच नीट दिसेल आणि ऐकू येईल अशी जागा कोणती? ती ठरली की यादीतली बरीच यंत्रे गळून पडतात.

ही जागा कशी निवडतात ते पाहायला लांब जावे लागत नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी ठरवतात. तमाशापंढरी हे नाव त्यावरूनच पडले. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) याच गावच्या. त्यांच्या फडात काय किंवा आजच्या फडात काय, ध्वनीचा क्यू ढोलकीवाल्याच्या हातात असतो. सोंगाड्याची कोटी पुरी झाली की थाप पडते, नाचणारीचा पाय थबकला की तोडा मिटतो. ढोलकीवाला हे कागदावर पाहून करत नाही. तो कलावंतांच्या मागेच उभा असतो, पाय आणि पाठ दोन्ही त्याला दिसतात, आणि प्रयोग रोज थोडा वेगळा झाला तरी थाप जागेवरच पडते.

याच्या अगदी उलट पद्धतही आपल्याकडे आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाची कथा बाबासाहेब पुरंदरे यांनी १९८५ पासून ‘जाणता राजा’ या महानाट्यात मांडली. हत्ती, घोडे आणि शेकडो कलाकार, पण संवाद, गाणी, टापा हे सारे आधीच ध्वनिमुद्रित. तिथे ध्वनी पुढे जातो आणि नट त्याच्या मागून. एवढ्या मोठ्या मैदानावर ते योग्यच. तुमच्या एकांकिकेत मात्र नट पुढे आहे आणि ध्वनीने त्याच्या मागून यायचे आहे. म्हणजे तुम्हाला ढोलकीवाल्याची जागा हवी.

सगळ्यात साधा उपाय असा की रिमोट घ्यायचाच नाही. लॅपटॉप आणि ऑपरेटर दोघांनाही विंगेतून उठवून प्रेक्षकांच्या मागे नेऊन बसवायचे आणि तिथून ॲम्प्लिफायरपर्यंत ध्वनीची केबल टाकायची. फक्त ती केबल बॅलन्स्ड हवी, म्हणजे तीन पिनांची, माइकला असते तशी. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली साधी बारीक वायर तीस मीटर ओढली तर तिच्यात गुणगुण शिरते. मध्ये साधा संकेत बॅलन्स्ड करणारा डीआय बॉक्स घातला की ती बहुतेक वेळा जाते. हा खर्च कुठल्याही चांगल्या रिमोटपेक्षा फार जास्त नाही, आणि ऑपरेटरच्या हाताखाली अख्खा कीबोर्ड राहतो. ब्लूटूथवरून ध्वनी पाठवायचा मोह मात्र टाळायचा. त्यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो, आणि दाराची कडी दार लागल्यावर वाजते.

मैदान मोठे असेल तर आणखी एक हिशेब येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. रंगमंचापासून ३५ मीटरवर बसलेल्या माणसाला नटाचा शब्द एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याने वाजवलेला ध्वनीही तेवढ्याच उशिरा त्याच्याकडे परततो. यात्रेच्या मैदानात ऑपरेटरने म्हणूनच कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी. संगणकाचा स्वतःचा उशीर त्यापुढे किरकोळ: ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंद. मात्र फाइलच्या सुरुवातीला राहिलेली शांतता कापायला हवी. एमपीथ्री करताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, तेव्हा कडी, थप्पड, बंदूक असे तत्काळ वाजणारे ध्वनी वेव्ह स्वरूपातच ठेवावेत.

काही वेळा लॅपटॉप हलवता येत नाही. जागा नसते, किंवा त्याच यंत्रावरून पडद्यावर चित्रेही सोडायची असतात. अशा वेळी यंत्र जागेवर ठेवून फक्त हुकूम दूर न्यायचा. हे करायच्या वाटा मोजक्या आहेत.

पहिली वाट कीबोर्डची नक्कल करणाऱ्या वस्तूंची. यूएसबीचा पायपेडल, वेगळा आकडेपट्टीचा कीबोर्ड, आणि व्याख्याते स्लाइड बदलायला वापरतात तो हातातला क्लिकर. संगणकाच्या दृष्टीने हे सगळे कीबोर्डच. क्लिकर दाबला की पेज डाउन जाते. त्या कळेला ‘गो’चा, म्हणजे पुढचा क्यू सोडण्याचा, हुकूम जोडायचा, झाले. ज्याचे दोन्ही हात पेटीवर आहेत अशा वादकाला पेडल फार सोयीचा, फक्त तो जमिनीला टेपने चिकटवून टाकायचा, नाहीतर अंधारात सरकतो. दोष एकच, पण मोठा. ही कळ त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिलाच मिळते. एखादी अपडेटची सूचना मध्येच उगवली तर हुकूम तिच्याकडे जातो आणि रंगमंचावर शांतता. म्हणून प्रयोगाच्या यंत्रावर सूचना, अपडेट, झोपी जाणे, संगणकाचे स्वतःचे टिंगटाँग, सारे आधी बंद करायचे.

क्लिकरबद्दल आणखी थोडे. तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि प्रेक्षकांच्या खिशातले मोबाइलही असतात. माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषते. रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून चाललेला क्लिकर भरलेल्या हॉलमध्ये का रुसतो, त्याचे हे कारण. शिवाय यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारच्या भोकात असेल तर तिचाही गोंगाट याच पट्ट्यात पडतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या पाठीमागे खुपसू नये. मीटरभर एक्स्टेन्शन लावून तो उंचावर, ऑपरेटरच्या नजरेच्या रेषेत टांगावा.

दुसरी वाट मिडीची, आणि जुन्नर-आंबेगावच्या पोरांना ती घरची वाटावी. मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना हुकूम देण्याची पद्धत, १९८३ सालची. आज फडात, ऑर्केस्ट्रात, बँजो पार्टीत जो ऑक्टापॅड वाजतो, त्याच्या मागे मिडी आउट असते. त्यातून निघालेली केबल एका छोट्या इंटरफेसने लॅपटॉपला जोडली की पॅडवरची एक टिपरी म्हणजे ‘गो’. एक संदेश पोचायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. खिडकी कुठलीही पुढे असो, संदेश थेट क्यूच्या प्रोग्रामकडे जातो. पाच पिनांच्या मिडीत येणारा संदेश प्रकाशाच्या छोट्याशा पुलावरून आत घेतला जातो, विजेचा थेट जोड नसतो, त्यामुळे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून येणारी गुणगुणही या वाटेने येत नाही. केबल पंधरा मीटरपर्यंत चालते. साध्या यूएसबी केबलची मजल पाचच मीटर.

ऑक्टापॅडवाला आधीच रंगमंचाकडे तोंड करून बसलेला असतो, त्याची लय पक्की असते, आणि टिपरी कधी मारायची हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तुमच्या मंडळात असा एक तरी मुलगा असणार. त्याला क्यू द्या. एक पॅड राखून ठेवायचा, त्याला इतर कुठल्याही वाद्याला नसेल असा स्वरक्रमांक द्यायचा, आणि प्रोग्राममध्ये तेवढ्यालाच ‘गो’ जोडायचा. टिपरी उसळून दोनदा लागली तर दोन क्यू उडतात. क्यूलॅब या क्यू वाजवण्याच्या प्रोग्राममध्ये दोन ‘गो’मध्ये किमान किती वेळ जायला हवा हे ठरवता येते, तो अर्धा सेकंद तरी ठेवावा.

क्यूलॅब फक्त मॅकवर चालते. त्याच्या मोफत रूपातही दोन वाहिन्यांचा ध्वनी वाजवता येतो. मॅक नसेल तर लिनक्स शो प्लेयर आहे, तो पूर्ण मोफत आणि मुक्त, आणि मिडी व तिसऱ्या वाटेवर भेटणारी ओएससी, दोन्ही ऐकतो. जुन्या, हळू झालेल्या लॅपटॉपवर लिनक्स घालून तो एवढ्याच कामाला ठेवावा. ज्या यंत्रावर कॉलेजचे प्रकल्प, व्हॉट्सॲप आणि सिनेमे आहेत त्याच यंत्रावर प्रयोग करणे धोक्याचे.

तिसरी वाट नेटवर्कची, म्हणजे ओएससी. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संगीत केंद्रात १९९७ च्या सुमारास ती तयार झाली. फोनवर किंवा टॅबवर टचओएससीसारखे ॲप उघडायचे, त्यावर हवी तेवढी बटणे मांडायची, आणि ती वायफायवरून संगणकाला हुकूम देतात. क्यूलॅब त्यासाठी ५३००० क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन असते. तालमीत याच्यासारखी सोय नाही. दिग्दर्शकाशेजारी बसून आवाज कमी-जास्त करता येतो, तोच क्यू पुन्हा पुन्हा घेता येतो. प्रयोगात मात्र यावर एकट्यावर विसंबू नये. हे हुकूम बहुधा अशा पद्धतीने जातात की ते पोचल्याची पावती परत येत नाही. वाटेत हरवला तर हरवला.

वापरायचेच असेल तर स्वतःचा राउटर हवा. हॉलचे वायफाय नको आणि कोणाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट तर नकोच. राउटर ५ गिगाहर्ट्झवर, लॅपटॉप त्याला केबलने जोडलेला, आणि लॅपटॉपचा पत्ता कायमचा ठरवलेला. या वायफायला इंटरनेट नाही हे पाहून फोन परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो, म्हणून तो एअरप्लेन मोडवर टाकून मग फक्त वायफाय चालू करावे. फोनही येणार नाही. गावात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जगतो, पण राउटर मरतो आणि जनरेटर लागल्यावर पुन्हा उठायला मिनिट-दोन मिनिटे घेतो. त्याला छोटा यूपीएस द्यावा. अंतर जास्त असेल तर नेटवर्कची केबल शंभर मीटर जाते, तेव्हा दुसरा लॅपटॉप समोर ठेवून त्यावरून केबलनेच हुकूम देणे हा वायफायपेक्षा कितीतरी भरवशाचा मार्ग.

केबलचा हा आग्रह जुनाट वाटत असेल तर खोडदला जाऊन ये. नारायणगावाजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभारली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन लांब भुजांवर. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणारे हे यंत्र, पण टिपलेले संकेत तबकड्यांपासून मध्यवर्ती इमारतीत आणले जातात ते जमिनीतल्या ऑप्टिकल फायबरने. रेडिओचा गोंगाट कमी असणे हेही तो परिसर निवडण्याचे एक कारण. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त रिमोट बाजारात मिळतात, आणि ती वारंवारता या दुर्बिणीच्या ऐकण्याच्या कक्षेत येते. त्या भागातल्या गावांत प्रयोग असेल तर ते रिमोट नेऊच नये, असे मावशीला मनापासून वाटते. तिथे जगभरचे शास्त्रज्ञ शांतता मागतात.

कोणतीही वाट घेतलीत तरी लॅपटॉपपाशी एक जण बसलेला असावा आणि स्पेस बार त्याच्या बोटाखाली असावा. दूरचा हुकूम आला नाही तर तो तिथून ‘गो’ देईल. क्यूलॅबमध्ये एस्केप एकदा दाबली की सारे ध्वनी विरत जातात, लगोलग दोनदा दाबली की तत्क्षणी थांबतात. हेही त्याला पाठ हवे. या दोघांनी आपसात खूण ठरवून ठेवावी, हात वर म्हणजे ‘तू दे’. दोघांनी एकाच वेळी दिला तर पुढचा क्यू उडून जातो आणि मग मागे येईपर्यंत नटाचे हाल होतात.

पुढे पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी उतरायचा तुमचा विचार आहे. महाराष्ट्रीय कलोपासकची ही स्पर्धा १९६३ पासून चालते, आणि स्पर्धेत मांडामांडीला वेळ मोजून मिळतो. तेव्हा जी जोडणी पाच मिनिटांत अंधारात उभी राहत नाही ती घेऊन जायची नाही. केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा, जोडण्याचा क्रम कागदावर लिहा, आणि रंगीत तालमीत एकदा मुद्दाम क्लिकर बंद करून, एकदा राउटरची वायर उपसून प्रयोग पुढे नेऊन पाहा.

तुमच्या हॉलचे माप अजून आलेले नाही. विंगेपासून शेवटच्या रांगेमागच्या भिंतीपर्यंत, केबल भिंतीच्या कडेने जाईल असे धरून, मीटरमध्ये मोजून कळव. आणि तुमच्यापैकी कोणाकडे ऑक्टापॅड आहे, त्याचे मॉडेल कोणते, हेही लिही. त्यावरून इंटरफेस पाच पिनांचा लागेल की नुसती यूएसबी केबल पुरेल ते ठरेल.

तुझी,
मावशी