खिडकीची जन्मतः मिळणारी शिदोरी

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या आणि बटणे क्लासपासून घडतात. क्लास म्हणजे साचा आणि त्यातून निघालेली प्रत्येक खिडकी म्हणजे ऑब्जेक्ट. परंतु गणपतीच्या एका साच्यातील मूर्ती जशा एकसारख्या निघतात, तसे येथे होत नाही. हा साचा प्रत्येक वेळी विचारतो, "कोणासाठी घडवू?" असे विचारणारा भाग तो कन्स्ट्रक्टर व त्याला द्यावयाचे उत्तर ते आर्ग्युमेंट. नॉर्वेच्या डाल व निगार्ड यांनी १९६७ च्या सिम्युला भाषेत क्लास आणला, तेव्हाच ही सोय त्यात होती.

एक उदाहरण घेऊ. गुण भरण्यासाठी पायथन भाषेत, टीकेइंटरच्या साह्याने, एक प्रोग्राम लिहावयाचा आहे. यादीतील नावावर क्लिक करताच त्या विद्यार्थ्याची खिडकी उघडावी. हे नाव खिडकीस कसे कळावे? नवशिका ते एका सामाईक चलात ठेवतो. एकच खिडकी उघडी असेपर्यंत सारे सुरळीत चालते. पण आधी मीनाची व नंतर रघूची खिडकी उघडली, की चलात रघूचे नाव बसते. मग मीनाच्या खिडकीत गुण लिहून 'सेव्ह' दाबले, तर ते रघूच्या नावे नोंदले जातात! यंत्र तक्रार करीत नाही. अन्याय मात्र दोघांवरही होतो.

यास्तव नाव कन्स्ट्रक्टरलाच द्यावे. पायथनमध्ये त्याचे नाव 'इनिट', मागेपुढे दोन-दोन अधोरेषा. त्याचे पहिले स्थान 'सेल्फ'चे. ते पायथन स्वतः भरते. त्यापुढे पालक-खिडकी व विद्यार्थ्याचे नाव घ्यावे आणि ते नाव सेल्फपाशी साठवावे. सामाईक फळ्यावरील अक्षर कोणीही पुसतो. आपल्या वहीतील आपल्यापाशी राहते.

दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. पालक-खिडकी मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरकडेही पोचवावी. ती गाळल्यास टीकेइंटर मुख्य खिडकीलाच पालक मानते. दुसरे, बटणाला काम सोपविताना फंक्शनचे केवळ नाव द्यावे. पुढे कंस घातल्यास ते काम बटण घडतानाच उरकते आणि बटणाच्या हाती फंक्शनऐवजी त्याचे फलित पडते. पुढे ते दाबून काही घडत नाही.

प्रोग्राम झाला की दोन खिडक्या एकदम उघडा व पहिलीत गुण भरा. ते योग्य नावे नोंदले गेले, तरच तो शाळेच्या हाती द्या.