जोड-विभाजित स्तंभालेख कसा काढावा

गणिताच्या पाठ्यपुस्तकांतून स्तंभालेखाचे दोन प्रकार आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झालेले असतात. जोडस्तंभालेखांत दोन स्तंभ शेजारीं उभे करून त्यांची तुलना करितात. विभाजित स्तंभालेखांत एकाच स्तंभाचे भाग एकावर एक रचून एकूण संख्या व तिचे घटक एकदम दाखवितात. पट्टी-पेन्सिल घेऊन हे दोन्ही प्रकार एका चित्रांत आणणें कांहीं कठीण नाहीं. परंतु संगणकावर एक्सेल उघडून 'इन्सर्ट' या सदराखालीं शोधूं लागलें, तर तेथें जोडस्तंभ सांपडतो, विभाजित सांपडतो, शतमानही सांपडतो. या दोहोंचा मिलाफ मात्र त्या यादींत नाहीं. म्हणून पुष्कळ विद्यार्थी असा आलेख निघतच नाहीं असें समजून तो नाद सोडून देतात. वस्तुतः तो निघतो. त्याची किल्ली यादींत नसून, आपण कोष्टक कसें मांडतों यांत आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं आपला खानदेशच घेतला आहे. फैजपूर ज्यांत मोडतें तो जळगांव जिल्हा, धुळें जिल्हा, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून वेगळा काढलेला नंदुरबार जिल्हा, यांच्या लोकसंख्येचे २००१ व २०११ च्या जनगणनांतील आंकडे लाखांत पुढीलप्रमाणें आहेत:

जळगांव, २००१: स्त्रिया १७.७७, पुरुष १९.०५
जळगांव, २०११: स्त्रिया २०.३३, पुरुष २१.९७
धुळें, २००१: स्त्रिया ८.२९, पुरुष ८.७९
धुळें, २०११: स्त्रिया ९.९७, पुरुष १०.५४
नंदुरबार, २००१: स्त्रिया ६.४८, पुरुष ६.६४
नंदुरबार, २०११: स्त्रिया ८.१५, पुरुष ८.३३

हें कोष्टक भरतांना पहिल्या उभ्या रकान्यांत जिल्हा, दुसऱ्यांत सन, तिसऱ्यांत स्त्रिया व चौथ्यांत पुरुष असा क्रम ठेवावा. संख्या इंग्रजी अंकांनीं लिहाव्या. जिल्ह्याचें नांव त्याच्या पहिल्या ओळींतच लिहावें, दुसऱ्या ओळींत ती जागा कोरी सोडावी. एक जिल्हा संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीं एक अख्खी ओळ रिकामी ठेवावी. चित्रांत दोन जिल्ह्यांमध्यें जें अंतर पडतें तें या रिकाम्या ओळीचेंच होय. नंतर मथळ्यासह सर्व कोष्टक निवडून 'स्टॅक्ड कॉलम' हा साधा विभाजित स्तंभालेख काढावा. शेवटीं कोणत्याही स्तंभावर माउसचें उजवें बटण दाबून 'फॉरमॅट डेटा सीरीज' उघडावें व 'गॅप विड्थ' तीसच्या आसपास आणावी. लगेच २००१ व २०११ चे स्तंभ एकमेकांच्या जवळ सरकतात आणि प्रत्येक जिल्ह्याची जोडी निराळी दिसूं लागते.

येथें एक खांचखळगा आहे, आणि आमच्या वर्गांत त्यांत बहुतेक सर्वच पडले. 'जिल्हा' आणि 'सन' हे मथळे लिहिले कीं एक्सेल सनाच्या आंकड्यालाही मोजमाप समजतें. मग स्त्रिया व पुरुष यांच्यासह २००१ हाही स्तंभाचा एक भाग होऊन बसतो, आणि त्या दोन हजारांच्या मनोऱ्यापुढें वीस लाख माणसें मुंगीएवढींही दिसत नाहींत! हंसून झाल्यावर उपाय करावा: पहिल्या दोन रकान्यांचे मथळे कोरे ठेवावे, आणि सनाच्या आधीं एकेरी अवतरणचिन्ह टाकून तो आंकडा अक्षरांप्रमाणें लिहावा.

स्त्रियांचा रकाना आधीं कां, असें एका पालकांनीं विचारलें. प्रश्न मार्मिक आहे. जो रकाना आधीं, तो स्तंभांत तळाशीं येतो. तळाचे सर्व भाग एकाच रेषेवर उभे असल्यामुळें त्यांची उंची डोळ्याला बिनचूक ताडतां येते. वरचे भाग निरनिराळ्या उंचीवरून सुरू होतात, त्यांची तुलना अंदाजानेंच करावी लागते. तेव्हां ज्याविषयीं बोलावयाचें तें तळाशीं ठेवावें, हा आमचा नियम आहे. सरकारी कोष्टकांत पुरुष आधीं असतात, एवढ्यावरून तोच क्रम उचलूं नये.

आतां तयार झालेलें चित्र पाहावें. जळगांवची वस्ती दहा वर्षांत ३६.८३ लाखांवरून ४२.३० लाखांवर गेली, हें तें उत्तम सांगतें. स्त्रियांचा भागही वाढलेला दिसतो, आणि पाहणारा समाधान पावतो. परंतु याच काळांत या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें स्त्रियांची संख्या ९३३ वरून ९२५ वर उतरली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत तर दर हजार मुलग्यांमागें मुली २००१ सालीं ८८० होत्या, त्या २०११ सालीं ८४२ उरल्या. आपल्या सुंदर आलेखांत याची खूण शोधूनही सांपडत नाहीं. शतमान स्तंभालेख काढला तरी स्त्रियांचा भाग शेंकडा ४८.३ वरून ४८.१ वर येतो. तो फरक कोणाच्या नजरेस येणार?

म्हणून ८८० आणि ८४२ यांचा एक साधा स्तंभालेख शेजारीं निराळा काढावा. तेथेंही सावध असावें. दोन्ही संख्या जवळजवळ असल्यामुळें एक्सेल उभा अक्ष शून्यापासून न घेतां आठशेंच्या पुढें कोठून तरी सुरू करतें, आणि पहिला स्तंभ दुसऱ्याच्या दुपटी-तिपटीचा भासतो. आमच्या एका विद्यार्थिनीला तें चित्र फार आवडलें. "असें दिसलें म्हणजे तरी लोक दचकतील," असें ती म्हणाली. तिचें म्हणणें आम्हांस समजतें. तरीही आम्हीं अक्ष शून्यावर आणवला, स्तंभांच्या माथ्यावर आंकडे लिहविले, आणि खालीं 'हजारीं ३८ मुली कमी' अशी ओळ घालविली. २०११ सालीं ज्यांची मोजदाद झाली तींच मुलें-मुली पुढें या तालुक्यांतल्या शाळांच्या बांकांवर येऊन बसलीं. ती ओळ वाचून वर्ग कांहीं वेळ गप्प होता.

ज्यांच्या घरीं केळीची बाग आहे त्यांनीं मृगबाग व कांदेबाग यांच्या खोडांची संख्या वर्षावार घेऊन हाच आलेख काढून पाहावा. वडील मंडळी आंकडे तोंडपाठ सांगतील. लोकसंख्येचें कोष्टक मात्र पुसूं नये. २०२१ ची जनगणना त्या वर्षीं झाली नाहीं. पुढील जनगणनेचे आंकडे प्रसिद्ध झाले म्हणजे प्रत्येक जिल्ह्यांत २०११ च्या ओळीखालीं, रिकाम्या ओळीच्या आधीं, एक नवी ओळ घालून ते भरावे. तिसरा स्तंभ आपोआप उभा राहील.